झाडाचा संत्रा

पंचशील म्हणताना चौथ्यानंतर तोंड मिटून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लग्न असो, नामकरण असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, भंतेजी एकेक शील म्हणायचे आणि त्यांच्या मागून सगळा मांडव म्हणायचा. जीव न घेण्याचं, चोरी न करण्याचं, व्यभिचार न करण्याचं, खोटं न बोलण्याचं. इथवर आमच्या शेजारच्या काकांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या खडखडाटात सगळी नोकरी गेली, त्यामुळे त्यांना हळू बोलताच यायचं नाही. मग पाचवं यायचं, नशा न करण्याचं, आणि तो आवाज बंद पडायचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले आणि ओठही मिटलेले. लोक माना वळवून बघायचे, बायका पदराआड हसायच्या. आमच्या गल्लीने त्यांचं नावच ठेवलं होतं, चारशील काका.

कुणी तोंडावर विचारलं तर ते चिडत नसत. "चौथं काय हाय? खोटं बोलू नाई. अन् मी तं पेतो. मंग पाचवं म्हटलं तं चौथं मोडते नं बाप्पा. एक मोडलंच हाय, दुसरं कायले मोडू?" एवढं सांगून ते पुढ्यातल्या बुंदीकडे वळायचे.

मला हा हिशोब पटायचा नाही आणि खोडताही यायचा नाही. कारण माझ्या घरात उलटा प्रकार होता. माझा नवरा सुधाकर ऑटो चालवतो. तो पाचही शीलं खणखणीत म्हणायचा, पोटात संत्रा असतानाच म्हणायचा, आणि वर माझ्याकडे बघायचा, की पाहा, म्हटलं. इथे बाहेरगावच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. नागपुरात संत्रा म्हणजे फळ, आणि संत्रा म्हणजे देशी दारूची बाटलीसुद्धा. शब्द एकच. कोणता संत्रा ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं, नाहीतर तोंडाच्या वासावरून.

काकू होत्या तेव्हा हे सगळं हसण्यावारी जायचं. गेलं नाही ते त्यांच्या मुलीच्या, करुणाच्या लग्नात. मंगल कार्यालय भरलेलं होतं, मुलाकडची मंडळी पुढे बसली होती, आणि वधूचा बाप पाचव्या शीलाला गप्प. मुलाच्या मामाने मोठ्याने विचारलं, "काहून गा, व्याहीबुवा अटकले का?" सगळा हॉल हसला. करुणा मान खाली घालून उभी होती. जाताना ती बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, माह्या लग्नात तरी खोटं बोलाचं होतं." त्या दिवशी ते प्यायलेलेच होते, हेही मी पाहिलं होतं.

पुढे करुणा कुहीच्या शाळेत शिक्षिका झाली, संसारही तिकडेच थाटला. आई गेली त्यानंतर ती महिन्यातून एकदा यायची, बापाच्या बीपीच्या गोळ्या ठेवायची, गादीवरची चादर बदलायची आणि निघायची. या घरात ती पाणीसुद्धा पीत नसे. स्वतःची बाटली आणायची. एकदा काकांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "ज्या दिवशी तुम्ही पाचवं म्हणसान त्या दिवशी पेईन." हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची आहे, तिच्यातून सगळं ऐकू येतं. त्यांनाही आमच्याकडचं ऐकू येत असणार.

काकांनी दारू सोडली ती निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. काही मोठं घडलं नाही. कुणी मेलं नाही, कुणी शपथ घातली नाही. हात इतके थरथरायला लागले की सुधाकरनेच त्यांना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं. परत आले तेव्हा अर्धे झाले होते. मी डाळभात घेऊन गेले, तर भिंतीला टेकून म्हणाले, "लोक म्हणते दारू सोडाले हिंमत लागते. मले कुठं हिंमत होती? मी थकलो वं रेखा. रोज तेच दुकान, तीच रांग, तेच घरी येनं, तेच पडनं. नोकरीतून रिटायर झालो, म्हटलं यातूनई होऊन जाऊ." मी दिवसभर शाळांचे गणवेश शिवते. थकवा म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. पण थकून माणूस काही चांगलंही करू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

अडचण सात वाजताची होती. दिवस कसाही जायचा, पण सात वाजले की त्यांचे हात काहीतरी शोधायला लागायचे. मग त्यांनी त्या हातांना काम लावलं. अंगणात तेच जुनं स्टूल, तीच खुर्ची, वाटीत तेच खारे चणे आणि चिरलेला कांदा. ग्लासात मात्र पन्हं. "काका, चकणा तरी बदलाचा," मी म्हटलं. "चकण्याचा काय गुन्हा हाय? त्यानं का कोनाचं घर मोडलं?" असं विचारून त्यांनी वाटी माझ्यापुढे केली.

दारू पिताना त्यांनी कधी चव पाहिली नसेल, पण सरबतांच्या बाबतीत ते फार चिकित्सक निघाले. पन्ह्याची कैरी उकडायची नाही, निखाऱ्यावर भाजायची. बेलाच्या गरात हात घालून बिया काढायच्या, मिक्सर लावला की कडू होतं. ताकात साखर घालणाऱ्याला ते माणसांत धरत नसत. पावसाळ्याच्या शेवटी अंबाडीची लाल बोंडं आणायचे, रात्रभर भिजवायचे आणि सकाळी ग्लास उन्हात धरून मला हाक मारायचे, "रेखा, रंग पाह्य! असा रंग कोन्या बाटलीत हाय?" बाटली मात्र घरात चालायची नाही, तेलाचीसुद्धा. सगळं माठात, लोट्यात, पातेल्यात. "बाटली दिसली की हात आपोआप बूच पाह्यते," असं त्यांचं म्हणणं होतं. करुणा आपली पाण्याची बाटली घेऊन यायची तेव्हा ते दुसरीकडे बघत बसायचे.

दर खेपेला तिच्यापुढे ते एक ग्लास ठेवायचे. आग्रह नाही, एक शब्द नाही. ती गोळ्या मोजायची, चादर बदलायची, ग्लास तसाच राहायचा. ती गेल्यावर तो ग्लास काका स्वतः प्यायचे. मला एकदा राहवलं नाही. मी म्हटलं, "ओतून टाका नं काका, दोन तास झाले, माश्या बसल्या." तर म्हणाले, "तिच्यासाठी केला होता. कसा ओतू?"

सुधाकर कधीकधी सात वाजता त्यांच्याकडे जाऊन बसायचा. एक ग्लास सरबत घ्यायचा, चणे खायचा, काकांच्या कोळशाच्या गोष्टी ऐकायचा आणि तिथून उठून आपल्या नेहमीच्या ठिकाणी जायचा. दोन्हीकडचं राखायचा. मला त्याचा संताप यायचा. "काका, तुम्ही त्याले सांगा नं," मी एकदा म्हटलं. काकांनी कांद्याची फोड तोंडात टाकली. "सांगून कोनं सोडली हाय का? तू किती वर्सं सांगून राह्यली?"

"आता थकली मी सांगून सांगून."

"मंग तूई सोड. सांगनं बी एक व्यसनच हाय."

मी त्या दिवशी रागाने घरी आले. बोलणं मात्र कानातून गेलं नाही.

दारू सुटली तरी काका पाचवं शील म्हणत नव्हते. गल्लीत कुणाचं काही असलं की पुन्हा चारच. लोकांना वाटायचं, चोरून पीत असतील. मला त्यांनी कारण सांगितलं होतं. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा, तिन्ही मोसम कोरडे गेले पाहिजेत. उन्हाळ्यात तहान लागते, पावसाळ्यात काम नसतं, हिवाळ्यात थंडी असते, प्यायला दर मोसमात वेगळं निमित्त असतं. तिन्ही निमित्तं पाहून झाल्याशिवाय म्हटलं तर ते खोटं ठरेल. "कोळशाच्या पट्ट्यावर नवा रोलर बसवला की तीन शिफ्टा चालवून पाह्यत होतो आम्ही. मंगच सही," असं ते म्हणायचे. काकूंचं पुण्यानुमोदन दरवर्षी डिसेंबरात यायचं. पहिल्या डिसेंबरात तिसरा मोसम अजून पुरा व्हायचा होता, म्हणून तेव्हाही ते गप्प राहिले. मग दुसऱ्या डिसेंबरात म्हणायचं ठरलं, घरातच, काकूंच्या फोटोसमोर. करुणाला त्यांनी कळवलं की या वेळी जेवायला थांब. ती हो म्हणाली. बापाच्या घरी जेवायला हो म्हणाली याचंच काकांना इतकं झालं की त्यांनी दहा दिवस आधी अंगण सारवून घेतलं. माझ्याकडून मलमलचं एक फडकंही नेलं. मी कापड आणायला गांधीबागेच्या कापडबाजारात जाते, तिथल्या थानांचे तुकडे माझ्याकडे पडलेले असतात. कशाला हवं ते मी विचारलं नाही. कामाचे दिवस होते.

आणि इथे माझं नाव येतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी मशीनवर होते. शाळेचं संमेलन तोंडावर आलेलं, बाह्या लावायच्या राहिलेल्या, पाठ मोडलेली. सुधाकर आला, दाराला टेकून उभा राहिला आणि हसायला लागला. वास दारातूनच आला. "चारशीलकडं संत्रा आला आज," तो म्हणाला. "अख्खी पेटी! मीच उतरवली ऑटोतून. म्हने उद्या सगळ्याइले पाजतो."

पेटी फळांचीही असते आणि बाटल्यांचीही. बोलणाऱ्याच्या तोंडाला ज्याचा वास होता, तोच संत्रा मी ऐकला. कोणता, हा एक शब्द मी विचारला नाही. माझ्या मनात उत्तर आधीच तयार होतं. सगळे सारखेच, दोन वर्षं नाटक केलं, आणि आता बायकोच्या फोटोसमोर पेटी फोडणार. मी फोन उचलला आणि करुणाला म्हटलं, "बाई, तुह्या बाबानं संत्र्याची पेटी आनली. उद्या याच्या आधी विचार कर." मग ती म्हणाली, "मले माहीतच होतं, वहिनी."

खोटं कशाला सांगू, तेव्हा मला थोडं बरंसुद्धा वाटलं. आपल्या घरातलं दुखणं शेजारीही आहे हे कळलं की थकलेल्या बाईला जरा टेकायला मिळतं. फोन ठेवून मी उरलेल्या बाह्या लावल्या आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी करुणा आली. आईचं पुण्यानुमोदन, ती कशी टाळणार? पांढरी साडी, पर्समध्ये पाण्याची बाटली. बापाकडे तिने पाहिलं नाही. काका नव्या सदऱ्यात होते, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. मी उशिरा पोचले आणि मागे बायकांत बसले. भंतेजींनी सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, काकांचा आवाज नेहमीसारखा अंगणावरच्या पत्र्याला लागत होता. पाचवं आलं आणि सवयीने सगळ्यांनी माना वळवल्या. काकांनी डोळे उघडले. काकूंच्या फोटोकडे पाहिलं आणि ते म्हणायला लागले. मोठा आवाज नव्हता. शब्द तोंडातल्या तोंडात अडखळत येत होते, जणू त्यांना ते पाठच नव्हते. पण म्हणून पुरं केलं. कुणीतरी शाबासकीचं "साधू, साधू" म्हणालं. शेजारची म्हातारी डोळे पुसायला लागली.

करुणा उठून उभी राहिली.

"चार तं खरे होते, बाबा," ती म्हणाली. "पेऊन पडत होते तवाई खोटं नाई बोलले तुम्ही. तेवढ्यासाठी मी या दारात येत होती. आज चौथंई मोडलं."

"काय मोडलं वं?" काका विचारत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. ती चपला शोधत होती. तेवढ्यात आतून दोन बाया परातीत ग्लास मांडून घेऊन आल्या. पिवळेधमक, काठोकाठ. सगळ्या अंगणात संत्र्याचा वास सुटला, फळाचा. मागच्या दारापाशी लाकडाची पेटी उघडी पडली होती, तिच्यात पेंढा आणि सालं, आणि तारेवर माझं मलमलचं फडकं पिवळं होऊन वाळत होतं. त्यांनी पहाटे उठून एकेक फोड सोलून, बिया काढून, हाताने पिळून गाळलं होतं. बी चिरडली की रस कडवट होतो म्हणून.

मी अनवाणीच धावले. ती स्कूटी सुरू करत होती. "करुणा, थांब वं! झाडाचा होता! संत्रा झाडाचा होता!"

"काल बाटलीचा होता, आज झाडाचा झाला?"

"माह्या कानाची चूक झाली बाई. मी विचारलंच नाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "वहिनी, मी लहानपनापासून हेच ऐकून राह्यली. काल नव्हता पेला, आज पेला, उद्या नाई पेनार. मले आता कोनतंच खरं वाटत नाई. थकली मी." ती गेली. तिचा ग्लास परातीतच राहिला.

सात वाजता मी काकांच्या अंगणात गेले. आज ते पिणार, अशी माझी खात्रीच होती आणि तसं झालं असतं तर ते पाप माझ्याच माथी होतं. तर ते खुर्चीत बसलेले, स्टुलावर चणे, हातात ग्लास. करुणाचाच होता तो. मी उभीच राहिले. ते म्हणाले, "आज पेलो असतो तं नवं काई झालं नसतं. लोकाइनं तं पाजूनच टाकली मले. पोरीनंई. आज पुरी मोकळीक होती."

"मंग?"

"मंग काय? पाचवं म्हनून बसलो नं आता. पेलो तं दोन मोडते."

तेव्हा मी सांगितलं. फोन मीच केला होता, पेटी ऐकली आणि विचारलं नाही. काकांनी ग्लास स्टुलावर ठेवला. मग हळू आवाजात, मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला, म्हणाले, "दोन वर्सं भिंतीपलीकडं राहून तुलेई खरं नाई वाटलं?" "घरी जाय रेखा," ते म्हणाले. मी घरी आले.

चार दिवस त्यांचं दार माझ्यासाठी बंद होतं. पाचव्या दिवशी सकाळी कडी वाजली. काका ते फडकं घेऊन उभे होते, धुतलेलं, मधोमध फाटलेलं. "हे फाटलं. दुसरं दे," म्हणाले. मी अख्खा नवा तुकडा फाडून दिला. ते कापडाची घडी घालत म्हणाले, "तुही तरी काय चूक? फळाचं नाव बाटलीले देऊन बसले लोक. अन् इतके वर्सं मीच तं दुकानावर जाऊन संत्रा म्हनून मागत होतो." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यांनी मला जा म्हटलं नव्हतं. मीच एका शनिवारी काम टाकून एसटीने कुहीला गेले. धान कापून झालेलं, शेतं उघडी पडलेली. करुणाची शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्यात बसले. सगळं सांगितलं, सुधाकरच्या तोंडाचा वास, पेटी, फडकं, आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं तेही. ते सांगायला सगळ्यांत जड गेलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "बरं. चहा घेसान?" आम्ही चहा घेतला. एसटीत बसताना मला वाटलं, फेरी फुकट गेली.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. ती यायची, गोळ्या ठेवायची, ग्लास तसाच. मी भिंतीला कान लावून बसायचे आणि स्वतःचीच लाज वाटायची. एप्रिलमधल्या एका रविवारी ती भर उन्हात आली, चेहरा लाल झालेला. काकांनी माठातून पन्हं काढून तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ करून खुर्चीचा हललेला पाय बघत बसले. मी खिडकीत होते. करुणाने पर्स उघडली, बाटली काढली, ती वाटेत रिकामी झाली होती की तिने मुद्दाम रिकामी आणली होती, कोण जाणे. ती बाटली तिने परत ठेवली. ग्लास उचलला. अर्धा प्याली आणि म्हणाली, "गूळ जास्त झाला, बाबा."

"बराबर हाय!" काका असे ओरडले की गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. "जास्तच झाला!"

पुढचा आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते की माझ्या पन्ह्यात गूळ जास्त पडतो, माझी पोरगी म्हणते. गूळ मात्र त्यांनी कमी केला नाही. तो कमी केला तर पुढच्या वेळी ती काय म्हणेल, अशी त्यांना भीती होती. ती मे महिन्यात दोनदा आली, दोन्ही वेळा प्याली आणि दोन्ही वेळा नावं ठेवली. बापलेकीचं एवढंच बोलणं मी ऐकलं, पण ते ऐकून माझे हात मशीनवर हलके पडायचे.

पावसाळ्यात काकांचं पोट फुगायला लागलं. यकृत आधीच गेलं होतं, दारू सोडली म्हणून मागचं माफ झालं नव्हतं. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं, दिवसाचं अमुक एवढंच. ज्या माणसाने तहानेवर एवढी मेहनत घेतली, त्याला शेवटी चमच्याने प्यावं लागलं. करुणा रजा काढून येऊन राहिली. ती लोट्यातून चमचाभर घ्यायची, ओठांना लावायची. ते जीभ फिरवून चव बघायचे आणि भुवई उडवायचे. भुवईवरून तिला कळायचं, साखर कमी की मीठ.

एका संध्याकाळी करुणा औषधं आणायला गेली होती, मी बसले होते. ते म्हणाले, "माह्या पुण्यानुमोदनाले लोकाइले काय पाजसान?" मी म्हटलं, असं काय बोलता. तरी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "पावसाळा हाय काका. संत्रा नाई भेटनार आता." ते हसले, पोट दुखलं म्हणून थांबले. "निंबू पाज. निंबूचा दुसरा अर्थ नाई निघत."

तीन दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाला मी आणि करुणाने मिळून लिंबाचं सरबत केलं. फडकं माझंच होतं. अंगणात पत्र्याखाली सगळी गल्ली बसली, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, समोर काकूंच्या फोटोशेजारी काकांचा फोटो. भंतेजींनी शीलं म्हणायला सुरुवात केली. काकांच्या आवाजाशिवाय म्हणणं बारीक वाटत होतं. पलीकडून मला सुधाकरचा आवाज ओळखू येत होता, खणखणीत, नेहमीचा. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं. करुणाने मान वर करून ते मोठ्याने म्हटलं. मी म्हणता म्हणता पलीकडे कान दिला आणि मला सुधाकरचा आवाज सापडेना. मान वळवून पाहिलं. हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

घरी येताना तो दोन पावलं पुढे चालत होता. मग थांबला. "काय पाहून राह्यली? चारच म्हटले मी."

संध्याकाळी सात वाजता उरलेल्या लिंबांचे दोन ग्लास केले, एक त्याच्यापुढे ठेवला आणि पाठ करून मशीनवर बसले. त्याने तो संपवला, धुऊन पालथा ठेवला आणि चपला घालून बाहेर गेला. कुठे गेला ते मला माहीत होतं. मी हाक मारली नाही. काकांना चारवरून पाचवर यायला अख्खी नोकरी लागली होती, आणि आमच्या घरात खोटं न बोलण्याचं चौथं तर आजच सुरू झालं होतं.